थोरले, धाकटे आणि सत्ताविसावं कलम

ठाणे जिल्ह्यात, म्हणजे इकडे वसई-साष्टीपासून तिकडे पार शहापूर-मुरबाडपर्यंत, जावयाचा जीव मेटाकुटीला आणण्यात आमच्या मामेसासऱ्यांचा हात धरील असा माणूस आजवर झाला नाही, आणि देवाची कृपा असेल तर पुढेही होणार नाही. लोकांना सासुरवाडीला गेलं की पाय धुवायला ऊन पाणी मिळतं, बसायला पाट मिळतो, पानात तूप जरा सैल हातानं पडतं. मलाही हे सगळं मिळे, नाही असं नाही. पण माझ्या पाटासमोर आणखी एक पाट मांडलेला असे आणि त्यावर दोन मेलेले भेक पालथे घातलेले असत. "या जावईबापू, या. आधी बघा, मग बसा." हे त्यांचं स्वागत! माझी बायको लहानपणीच आईबापांवेगळी झाली आणि कल्याणात पारनाक्याजवळ या मामांनीच तिला वाढवलं, म्हणून माझी सासुरवाडी ती हीच. लग्न ठरवताना आमच्या वडिलांनी कुंडली पाहिली, गोत्र पाहिलं, मुलीचे दात पाहिले. मामांच्या पडवीतला कोनाडा तेवढा कोणी पाहिला नाही.

त्या कोनाड्यात काचेच्या दोन मोठ्या बरण्या होत्या आणि प्रत्येकीत स्पिरिटात बुडवलेला वीतभर लांबीचा एकेक भेक होता. बेडूक म्हटलेलं मामांना खपत नसे. "बेडूक उडी मारतो, अंगानं तुळतुळीत असतो. हा भेक. अंगावर फोड, कानामागं विषाची गाठ, चालणं कसं, अगदी सावकारी." त्यातला जो जरा मोठा होता त्याला ते 'थोरले' म्हणत आणि दुसऱ्याला 'धाकटे', आणि दोघांचाही उल्लेख आदरार्थी. "आज थोरल्यांचं स्पिरिट खाली गेलंय," किंवा "धाकट्यांकडे जरा उजेड कमी पडतो, बरणी सरकवा." एकदा दारावर आलेल्या भिक्षुकानं हे ऐकलं आणि घरात दोन म्हातारी माणसं आजारी आहेत असं समजून तो बिचारा तब्येतीची चौकशी करू लागला. मामांनी त्याला सगळं खरं सांगितलं आणि वर अर्धा तास बसवून फोड मोजायला लावले. तो पुन्हा त्या आळीत दिसला नाही.

हे प्राणी कल्याणात आले कसे, तर त्याची हकीकत अशी. मामा रेल्वेच्या कामावर नकाशे काढायला होते. हात असा की पुलाचा एकेक खिळा कागदावर उभा राहावा. त्यांच्यावरचा इंजिनीअर साहेब इकडे येण्याआधी दक्षिण अमेरिकेत, ब्राझील की काय म्हणतात तिथं, अशीच पुलांची कामं करून आला होता. साहेब कायमचा विलायतेस निघाला तेव्हा त्याच्या बंगल्यातल्या सामानाचा लिलाव झाला. खुर्च्या गेल्या, घड्याळ गेलं, कुत्र्याची साखळीसुद्धा गेली, पण या दोन बरण्यांना कोणी हात लावीना. तेव्हा साहेबानं त्या मामांना बक्षीस दिल्या आणि सांगितलं, एक भेक नदीच्या मुखाजवळच्या दमट रानातला आहे, दुसरा फार आतल्या रुक्ष मुलखातला. जात मात्र एकच. मामांनी तिथल्या तिथं बरण्या उजेडात धरल्या आणि म्हणाले, "नाही साहेब. हे दोन वेगळे आहेत." साहेब हसला. नुसता हसला नाही, त्यानं आपल्या मडमेला हाक मारून सांगितलं आणि मग ती दोघं मिळून हसली. मामांच्या आयुष्यातली पुढची सगळी वर्षं त्या हसण्यानं खाल्ली, असं मला आजही वाटतं. त्यांना पैसा नको होता, रावसाहेबकी नको होती. कोणीतरी जाणत्या माणसानं एवढंच म्हणावं की बाबा रे, तुझ्या डोळ्यांनी पाहिलं ते बरोबर होतं.

पण बघणं म्हणजे किती बघावं माणसानं! पेन्शन घेतल्यावर तर त्यांना दुसरा उद्योगच उरला नाही. रोज सकाळी संध्या झाली की पडवीत पाट मांडायचा, त्यावर केळीचं पान, पानावर थोरले-धाकटे शेजारी-शेजारी, आणि हातात नकाशे मोजायचा परकार घेऊन मामा त्यांच्यावर ओणवे. डोळ्यावरचा कंगोरा किती उंच, कानामागची गाठ किती लांब, पाठीवर फोड किती, सगळं मोजायचं आणि मोडीत टिपून ठेवायचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच मोजायचं, कारण "काल ढग होते." मुंजीला बोलावलं तर मुंजा राहिला बाजूला आणि हे आलेल्या दोन भावांच्या कपाळांची रुंदी ताडत बसत. आमच्या मुलाच्या बारशाला पाळण्याशी वाकून किती वेळ बघत होते. आम्हाला वाटलं आशीर्वाद पुटपुटताहेत. वर मान करून म्हणाले, "जावईबापू, कानाची पाळी तुमची नाही." माझ्या आईनं त्यानंतर दोन वर्षं त्यांच्याशी भाषण केलं नाही.

स्पिरिटाचा किस्सा तर अख्ख्या कल्याणला ठाऊक आहे. बरणीतलं स्पिरिट उडून कमी होई आणि ते भरलं नाही तर प्राणी नासणार. डॉक्टरकडे मागून मागून किती मागणार? शेवटी मामांनी ठरवलं की कडक दारू चालते. मग लपूनछपून कोणाकरवी आणवावी की नाही? छे! हा गृहस्थ भरदुपारी डोईला पगडी, खांद्यावर उपरणं, हातात पितळी तांब्या घेऊन उभ्या बाजारातून दारूच्या पिठ्यावर गेला आणि म्हणाला, "सगळ्यात जहाल असेल ती द्या." पिठेवाला उठून उभा राहिला. संध्याकाळपर्यंत आळीत ग्रामण्याची, म्हणजे मामांना वाळीत टाकायची, भाषा सुरू झाली. चार वृद्ध मंडळी पडवीत येऊन बसली, प्रायश्चित्त कोणतं द्यायचं यावर कुजबुज झाली, त्यातल्या एकानं दबल्या आवाजात विचारलं, "किती दिवसांपासून घेता?" मामा म्हणाले, "मी घेत नाही. हे दोघे घेतात." आणि बरणीचं झाकण काढून ती त्यांच्या नाकापुढे धरली. मंडळी जी उठली ती वहाणा हातात घेऊनच रस्त्याला लागली. पुढं ग्रामण्य काही झालं नाही, पण मामींना वर्षभर हळदीकुंकवाची बोलावणी आली नाहीत. मामी म्हणत, "अहो, सवत परवडली असती. तिला निदान स्वयंपाकाला तरी लावली असती."

बिचाऱ्या मामी! सोवळ्याओवळ्याचं त्यांचं मोठं कडक, आणि घरात हे असं. पडवीची हद्द ओलांडून बरण्या आत येणार नाहीत, एवढी एक अट त्यांनी घातली होती आणि मामांनी ती पाळली. त्या कोनाड्याकडे मामी तोंड करून बसत नसत. झाडतानासुद्धा तेवढा भाग पाठमोऱ्या झाडत. पण मामांच्या डोळ्याला डोळा न देता त्या सगळं ऐकत मात्र होत्या, हे मला पुष्कळ उशिरा कळलं.

आता इतकी वर्षं मोजूनही मामांना वेगळेपणाचा असा एक ठसठशीत पुरावा सापडत नव्हता. रंग वेगळा, तर तो स्पिरिटानं उडाला असेल. आकार वेगळा, तर तो वयानं असेल. हे त्यांचे त्यांनाच कळे आणि मग ते चिडचिड करीत. एके दिवशी, काय डोक्यात आलं कोण जाणे, दोन्ही बरण्या काखोटीला मारून ते खाडीवर गेले. तिथं चांगुणा म्हणून एक कोळीण मासे घेऊन बसायची. मामांचा हिशेब असा, की दिसायला सारख्या माशांतून नेमका निवडायचा हिचा जन्माचा धंदा, हिची नजर साहेबापेक्षा तयार असणार. मी दुर्दैवानं बरोबर होतो. चांगुणानं हात पदराला पुसले, बरणी एकदा अशी फिरवली, एकदा तशी फिरवली आणि म्हणाली, "अवो मामा, यो येगला न तो येगला. याचे तंगरीला गाठ हाय, त्याचे नाय. यवरां कलाया इतकी वर्सं लागली व्हय तुमाला?" मामांनी बरणी उजेडात धरली. खरंच, थोरल्यांच्या मागच्या पायाच्या पोटरीवर कानामागच्यासारखीच एक लांबट गाठ होती. धाकट्यांची पोटरी साफ होती. मामा इतके दिवस डोकं आणि पाठ मोजत होते, पाय पोटाखाली दुमडलेले, तिकडे लक्षच गेलं नव्हतं. परत येताना ते वाटेत तीनदा थांबले आणि तीनदा मला म्हणाले, "पोटरी, जावईबापू! पोटरी!" लोक वळून बघत होते. मी चार पावलं मागून चालू लागलो.

मग निघालं विलायतेला पत्र पाठवायचं खूळ. तिथल्या एका मोठ्या पदार्थसंग्रहालयात अशा प्राण्यांचा जाणता साहेब असतो असं मामांनी कुठूनसं काढलं होतं. मामांचं इंग्रजी इंच आणि फुटांपलीकडे जात नव्हतं, आणि मी ठाण्याच्या कचेरीत इंग्रजी बाजूचा कारकून. तेव्हा पत्र कोणी लिहायचं हे उघडच होतं. मुहूर्त कोणता धरला? अधिक महिन्याचा! अधिकात जावयाला बोलावून तेहतीस अनारशांचं वाण देतात, हे सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. मी मोठ्या आशेनं गेलो. मामींनी हात सैल सोडला होता. पुरणपोळी, कटाची आमटी, अळूचं फदफदं, वर आग्रह. पंक्तीतून उठवेना. मग दिवा लावून तेहतीस अनारशांचं ताट माझ्यापुढे आलं आणि त्याच्या पाठोपाठ मामांनी मोडीतला एक लांबच लांब कागद पुढे सरकवला. "तेहतीस अनारसे, तेहतीस कलमं. योग बघा कसा जुळलाय! चला, घ्या लेखणी." मी म्हटलं, मामा, जरा आडवा होतो. म्हणाले, "आडवे रात्री व्हा. टपाल उद्या जायला हवं."

ते कोष्टक मी कधी विसरणार नाही. डाव्या अंगाला कलम, मधे थोरले, उजवीकडे धाकटे. कलम पहिलं, डोक्याची रुंदी. कलम दुसरं, कंगोऱ्यांची उंची. मामा पाटाशी उकिडवे बसून परकारानं पुन्हा मोजून सांगताहेत, मी लिहितोय. पहिली दहा-बारा कलमं मी झकास लिहिली. मग पुरणपोळीनं आपलं काम सुरू केलं. बाहेर पडवीत वारा सुटलेला, मामांचा आवाज एकसुरी, आणि कलमांत पुष्कळ ठिकाणी दोघांचं सारखंच. पुढची बोटं किती, चार आणि चार. आता आम्हा कचेरीतल्या माणसांचा हात असा, की वरच्यासारखंच खाली किंवा डावीकडचंच उजवीकडे आलं की लेखणी आपोआप डिट्टो लिहून मोकळी होते. वीस वर्षं वसुलीची आणि पिकांची कोष्टकं भरून भरून तो हात तयार झालेला. डोळे मिटले तरी चालतो. पंचविसावं कलम, डिट्टो. सव्विसावं, डिट्टो. मामा काहीतरी जोरानं बोलले, माझ्या मांडीवर थाप मारली, आणि मी "हो हो, लिहिलं" म्हणून पुढं गेलो. तेहतिसावं संपलं तेव्हा मी सही करून लखोटा बंद केला आणि तिथंच सतरंजीवर लवंडलो. मामींनी उशी आणून दिली.

आठ महिन्यांनी उत्तर आलं. पत्ता कचेरीचा दिलेला, त्यामुळं ते माझ्याच हाती पडलं. विलायती जाड कागद, सुरेख अक्षर. मी मासुंदा तलावाच्या काठी एका पायरीवर बसून वाचलं. साहेबानं फार सभ्यपणानं लिहिलं होतं. तुमचं कोष्टक मोठ्या काळजीनं केलेलं आहे, परंतु तुम्ही दाखवलेले फरक वयामुळं आणि नरमादीमुळंही पडतात. मागच्या पायांच्या बाबतीत तर दोन्ही प्राणी सर्वस्वी सारखे असल्याचं तुम्हीच नमूद केलं आहे. पायावरच्या गाठींत काही भेद असता तर गोष्ट निराळी होती. तेव्हा दोन्ही एकाच जातीचे समजावेत, हे उत्तम.

साहेबानं आमचं कोष्टकही सोबत परत पाठवलं होतं. मी ते उलगडून बघितलं. सत्ताविसावं कलम, मागची पोटरी. थोरल्यांच्या खाली लिहिलं होतं, 'लांबट गाठ, स्पष्ट.' आणि धाकट्यांच्या खाली माझ्या वळणदार अक्षरात, डिट्टो.

खरं सांगतो, त्या दिवशी मी घरी जेवलो नाही. बायकोला डोकं दुखतंय म्हणून सांगितलं. आणि मग मी तेच केलं जे कचेरीतला कोणीही भित्रा माणूस करतो. ते पत्र दप्तराच्या एका जुन्या रुमालात, कागदांच्या मधोमध बांधून वरच्या फळीवर टाकून दिलं. दर पंधरा दिवसांनी कल्याणला जायचो. मामा पाय धुवायला पाणी द्यायच्या आधी विचारायचे, "विलायतेची डाक काय म्हणते?" मी म्हणायचो, "अजून नाही." पहिल्यांदा जीभ अडखळली. चौथ्या-पाचव्या खेपेला सराईतासारखी निघून गेली. स्वतःचाच राग येई आणि तो मी मामांवर काढी. एकदा तर फटकन बोललो, "त्या साहेबाला दुसरे उद्योग असतील, मामा. सगळं जग काही तुमच्या भेकांवर टपून बसलेलं नाही." मामांनी परकार खाली ठेवला. मामी माझ्याकडे बघून आत गेल्या.

आणि मग एका खेपेला मी गेलो तर पाट मांडलेला नव्हता. कोनाड्यातल्या बरण्यांवर धूळ होती. मामा खांबाला टेकून बसले होते. नेहमीप्रमाणे डाकेची चौकशी नाही, काही नाही. शेवटी म्हणाले, "जावईबापू, मी आता थकलो हो. एवढे दिवस उत्तर नाही, म्हणजे साहेबाला माझा वेडेपणा वाटला असणार. आपल्याच साहेबाचं खरं असेल. तो तिथं राहून आलेला, मी कल्याणच्या पुढं कर्जतही नीट पाहिलं नाही." मग बरणीकडे बोट करून अगदी बारीक आवाजात, "तुम्ही खरं सांगा. ती गाठ तुम्हाला दिसते ना? की मलाच दिसते?"

असा प्रश्न या माणसानं विचारावा! ज्यानं आळीला दाद दिली नाही, बारशात माझ्या तोंडाला फेस आणला, तो माणूस स्वतःच्या डोळ्यांवर शंका घेत होता, आणि कशामुळं? मी दुपारी पेंगलो म्हणून. मला राहवलं नाही. पत्र आलं तेव्हापासूनची सगळी हकीकत मी त्यांना सांगून टाकली. पत्रातलं अक्षर न् अक्षर सांगितलं. डिट्टो म्हणजे काय तेही सांगितलं. सांगताना मला रडू आलं आणि त्याची मला आजही लाज वाटत नाही.

सगळं संपल्यावर मामांनी विचारलं, "म्हणजे साहेब म्हणतो, गाठींत भेद असता तर गोष्ट निराळी?"

"हो."

"तो आपण होऊन म्हणतो?"

"हो, मामा."

"अहो मग झालं की काम!" असं ओरडून ते जे उठले ते थेट माजघराच्या दाराशी. "ऐकलंस का? साहेब पोटरीवर आला! पोटरीच बघायची असते, त्यालाही ठाऊक आहे!" मला वाटलं होतं आता शिव्या खाव्या लागणार. मी तर त्यासाठी मान खाली घालून बसलो होतो. पण मामांचा सगळा राग मामींवर. "तुला किती सांगितलं होतं, लिखाण होईस्तोवर पुरणपोळी वाढू नकोस! माणसाला चार वाढतात का? चार?" मामी आतून म्हणाल्या, "सहा."

दुसरं पत्र एकादशीला लिहायचं ठरलं. मुद्दाम. मी कल्याणला पोचलो तर मला पाण्याखेरीज काही द्यायचं नाही असा घरात हुकूम. वरीचे तांदूळ नाहीत, रताळं नाही. भुकेनं डोळे टक्क उघडे. या वेळी पहिलं कलम पोटरीचं. एकेक वाक्य मामा तीनदा वदवून घेत आणि मी काय लिहिलं ते मला मराठीत उलट सांगायला लावत. "आता लिहा, हा भेद प्रथम कल्याण बंदरावरची चांगुणा कोळीण हिनं पाहिला." मी म्हटलं, मामा, एवढ्या मोठ्या साहेबाला कोळणीचं नाव कशाला? तर म्हणाले, "तिनं बघितलं, म्हणून. मी बघितलं असतं तर माझं लिहिलं असतं. लिहा." लिहिलं. तेहतीस कलमांत डिट्टो एकदाही नाही. सारखं होतं तिथं 'हेही तसेच, पुन्हा मोजून पाहिले' असं पूर्ण लिहिलं. संध्याकाळी बोटं आखडली होती. माझ्या नोकरीत मी इतकं खरं कधी लिहिलं नसेन.

त्या पत्राचं उत्तर मामांना मिळालं नाही. भाद्रपदात त्यांना ताप भरला, आठवडाभर उतरला नाही आणि ते गेले. ग्लानीत होते तरी दोन बोटं परकारासारखी उघडमीट करीत होते. गाठीबद्दल मात्र त्यांना पुन्हा शंका आली नाही, एवढं मला माहीत आहे.

मार्गशीर्षात कचेरीत तोच जाड विलायती लखोटा आला. साहेबानं लिहिलं होतं, पोटरीवरच्या गाठीचं वर्णन मोठं लक्षणीय आहे. दोन्ही प्राणी प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय मत देता येत नाही, तरी ते पाठवण्याची कृपा करावी. खाली, त्या चांगुणाबाईंनाही आमचा नमस्कार कळवावा. मी त्याच दिवशी कल्याणला गेलो. मामींना पत्र वाचून दाखवलं. आणि बघतो तो पडवीतल्या बरण्या लख्ख पुसलेल्या, स्पिरिट काठोकाठ. कोणी भरलं, कुठून आणलं, मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. उभ्या जन्मात जिनं त्या कोनाड्याकडे तोंड केलं नाही, ती बाई आता त्याच्याकडे बघत होती. दोन्ही बरण्या मागायचा मला धीर होईना. मी म्हटलं, "मामी, तुम्हाला सोबत म्हणून एक इथं राहू द्या. थोरल्यांना पाठवू. गाठ त्यांच्याच पायाला आहे."

"शहाणेच आहात," मामी म्हणाल्या. "एकट्याला बघून कोणाला काय कळणार? दोघं शेजारी ठेवले तरच वेगळे दिसतात. इतकी वर्षं त्या पाटावर काय चाललं होतं मग?"

दोन्ही बरण्या गेल्या. भुशात, लाकडी पेटीत, बोटीनं. मामींनी पेटी बंद करायच्या आधी झाकणाला हळदकुंकू लावलं. चांगुणाला साहेबाचा नमस्कार मी बंदरावर जाऊन पोचवला, तेव्हा ती म्हणाली, "कंचा सायब? मामांना सांगा, बगू दे त्याला बी." मामा गेल्याचं तिला तेव्हाच कळलं. तिनं सुरी खाली ठेवली.

साहेबाचं शेवटचं उत्तर अजून आलेलं नाही. येईल किंवा येणार नाही. मी मात्र तेव्हापासून कचेरीत डिट्टो लिहीत नाही. सारखं असलं तरी प्रत्येक ओळ पूर्ण लिहितो, आणि लिहिण्याआधी बघतो. माझी कोष्टकं आता कोणाहीपेक्षा दोन दिवस उशिरा तयार होतात. हाताखालचे कारकून माझ्यामागे कपाळाला हात लावतात, हे मला ठाऊक आहे. लावू देत. मी तरी दुसरं काय केलं होतं?

परवा कल्याणला गेलो होतो. कोनाड्यात बरण्यांच्या बुडाची दोन वर्तुळं उमटून राहिली आहेत. मामी रोज जमीन सारवतात, भिंत सारवतात, ती दोन वर्तुळं तेवढी सोडून. मी पाटावर बसलो. समोर दुसरा पाट मांडलेला होता, रिकामा. मामींनी पाणी आणून दिलं आणि विचारलं, "विलायतेची डाक काय म्हणते?"

"अजून नाही, मामी," मी म्हणालो. या वेळी ते खरं होतं.